सहा फुटांचा डोंगर

विहीर सदतीस फुटांवर गेली तेव्हा मथुराबाईनं हातातली टोपली खाली ठेवली आणि पिराजीला विचारलं, "ह्यो तांबडा पट्टा तिकडल्या अंगाला वर अन् हिकडल्या अंगाला खाली, असं कसं?"

पिराजी सुरुंगासाठी भोक मारत होता. त्यानं पहार थांबवून वर पाहिलं. तीसेक विहिरी त्याच्या हातून खोदून झाल्या होत्या. काळ्या दगडाच्या दोन थरांमध्ये भाजल्यासारख्या तांबड्या मातीचा हातभर जाड पट्टा लागतो, हे त्याला ठाऊक होतं. तो पट्टा विहिरीला चारी बाजूंनी एकाच उंचीवर वेढा घालून जातो. इथं दक्षिणेच्या अंगाला तो एकतीस फुटांवर लागला होता, आणि उत्तरेच्या अंगाला आत्ता, सदतीसवर. मध्ये दगडात एक चीर होती, दक्षिणेकडं तिरपी उतरत गेलेली.

"सुरुंगानं फाटला असंल," तो म्हणाला. पण म्हणताना त्याचाच विश्वास बसत नव्हता. सुरुंगानं दगड फुटतो. सहा फूट वर जाऊन बसत नाही.

१९८५ सालच्या एप्रिलातली ही गोष्ट. धरण बांधायचं चाललं होतं त्या माकणीच्या पुढं, तेरणेच्या काठाला हे गाव. दोन वर्षं पावसानं दगा दिला होता आणि नदीच्या पात्रात बायका झिरे खोदून वाटीनं पाणी भरत होत्या. बावीस लहान शेतकऱ्यांनी मिळून सहकारी पाणीपुरवठा संस्था काढली होती, तिची ही विहीर. चेअरमन शिवलिंगप्पा. आडतीचं दुकान, घरात कानडी, बाहेर मराठी, आणि गावात त्याच्या शब्दाला वजन. बावीस सभासदांत एक मथुराबाई होती. तिला दोन एकर रान होतं, आणि विहिरीवर मजुरीही ती करत होती. मुलगा सरकारी भूजल खात्यात असताना ही टोपल्या कशाला उचलते, असं लोक विचारत. ती म्हणायची, "नोकरी त्याची हाय. विहीर माझी हाय."

विहिरीची जागा त्या मुलानंच, गुलाबनं, दाखवली होती. जानेवारीत शाळेच्या व्हरांड्यात सभा झाली तेव्हा कुणीतरी विचारलं होतं, एवढं खोल खोदायचं, धरणाचे सुरुंग उडत्यात, जमीन हालायची तर न्हाय? गुलाब हसून म्हणाला होता, "भूकंपाचं भ्या तिकडं कोयनेला. आपली जमीन देशातली सगळ्यात जुनी अन् पक्की." त्याला कॉलेजात तसंच शिकवलं होतं, आणि परीक्षेत त्यानं तसंच लिहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी एसटीच्या कंडक्टरबरोबर त्याला निरोप गेला. तिसऱ्या दिवशी तो आला आणि दगड वर ओढायच्या यारीच्या बादलीत उभा राहून खाली उतरला.

आधी त्यानं पट्टा पाहिला. मग चिरेपाशी जाऊन तिच्या कडेवरून तळहात फिरवला. दगड काचेसारखा गुळगुळीत होता, आणि त्यावर खालून वर गेलेल्या बारीक रेघा होत्या, पाट्यावरून जड काहीतरी रेटत नेल्यासारख्या. गुलाबनं हात मागं घेतला. पुन्हा ठेवला. मग तो तिथल्याच दगडावर खाली बसला.

"काय झालं?" मथुराबाईनं विचारलं.

"माय, हे सुरुंगानं झालेलं न्हाय."

"आता पिराजीबी तेच म्हणतोय. मग कशानं?"

त्यानं पुन्हा चिरेकडं पाहिलं. जमीन ताणली गेली असती तर चिरेवरचा दगड खाली घसरला असता. इथं तो वर चढला होता. म्हणजे दोन्हीकडून कुणीतरी दाबलं होतं, आणि इतकं दाबलं होतं की अखंड काळा दगड फुटून अर्धा भाग दुसऱ्या अर्ध्यावर सहा फूट चढून बसला होता. डोंगर उठतात ते असेच. असं हिमालयात होतं, पुस्तकातल्या चित्रांत होतं. तेरणेच्या काठाला, आपण स्वतः पक्की म्हणून दाखवलेल्या जागेत, आपली आई उभी होती तिथं ते असू शकतं, हे त्याच्या डोक्यात शिरेना.

त्यानं चुना मागवला. पूर्वेच्या अंगाला चिरेच्या आरपार, आडवी, हातभर लांबीची सरळ रेघ ओढली.

"ही कशाला?" पिराजीनं विचारलं.

"चीर जरा जरी हालली तर रेघ तुटंल, मामा. मग आपल्याला कळंल."

वर आल्यावर त्यानं शिवलिंगप्पाला सांगितलं की सुरुंग बंद करा. शिवलिंगप्पाच्या कपाळाला आठ्या पडल्या. "साहेब, जागा तुमी दाखवली. आता सदतीस फुटावर पाणी न्हाय अन् तुमी म्हणता थांबा?"

"थांबा म्हणत न्हाय, आप्पा. आठ दिवस नुसत्या पहारीनं खोदा. मी आमच्या साहेबांना बोलावतो. त्यांनी बघू द्या."

शिवलिंगप्पानं मान डोलावली. 'साहेब' हा शब्द गुलाबला म्हणायला त्याला अजून थोडं जड जात होतं. दहा वर्षांमागं तो ह्याच पोराला दुकानाच्या पायरीखाली उभं करून माल देत असे. पण पाणी कुणाला हवं नव्हतं?

पाचव्या दिवशी अमावस्या होती. त्या दिवशी गावातलं कुणी विहिरीत उतरत नाही. माकणीच्या धरणावरच्या मजुरांचीही सुट्टी होती. पण मथुराबाईच्या आणि पिराजीच्या गल्लीनं तीस वर्षांपूर्वी धम्म घेतला तेव्हाच अमावस्या-पौर्णिमा सोडून दिली होती. त्या गल्लीतली सहा माणसं नेहमीसारखी खाली गेली. गुलाब शनिवारची सुट्टी म्हणून आला होता. सकाळचे दहा वाजत होते. तो विहिरीच्या काठाशी शिवलिंगप्पाबरोबर चहा घेत होता.

आधी आवाज आला. भरलेला ट्रक लांबून येतोय असा, पण रस्त्यावरून नव्हे, पायाखालून. शिवलिंगप्पानं वळून रस्त्याकडं पाहिलं. रस्ता मोकळा होता. मग जमिनीला एक हिसका बसला, जेमतेम दोन श्वास टिकेल एवढा. बशीतला चहा सांडला. लिंबावरचे सगळे बगळे एकदम उडाले. यारीचा लोखंडी दोर आपोआप डोलायला लागला. आणि विहिरीतून धडाड असा आवाज होऊन धुळीचा लोट वर आला.

गुलाब काठावर धावला. खाली काही दिसत नव्हतं. त्यानं हाक मारली, "माय." उत्तर आलं नाही. त्यानं पुन्हा हाक मारली, आणि आपला आवाज कुणा दुसऱ्याचाच असल्यासारखा त्याला ऐकू आला.

मग धुळीतून मथुराबाईचा आवाज आला, अगदी सपाट. "म्या हाय. पिराजी दगडाखाली हाय. बादली सोड."

उत्तरेच्या कडेचा, चिरेवर टेकून असलेला बैलगाडीएवढा दगड त्या गुळगुळीत उतारावरून घसरून तळाला आला होता. पाच जण दक्षिणेच्या भिंतीशी होते म्हणून वाचले. पिराजीचा डावा पाय घोट्याच्या वर अडकला होता. तो ओरडत नव्हता. डोळे उघडे ठेवून तो त्या दगडाकडं बघत होता, हा इथं कुठून आला असं विचारल्यासारखा. चार पहारी लावून, यारीला साखळी बांधून दगड वीतभर उचलायला तासभर लागला. गुलाबच्या पाठोपाठ शिवलिंगप्पाही अमावस्या विसरून स्वतः खाली उतरला होता आणि साखळी धरून उभा होता.

पिराजीला बादलीतून वर पाठवल्यावर मथुराबाईनं गुलाबचा हात धरला. तिच्या कपाळावरून रक्त ओघळत होतं.

"भिंत हालली न्हाय, गुलाब. भुईच हालली. माझ्या तळपायाला कळलं."

"धरणावर सुरुंग उडाला असंल," शिवलिंगप्पा म्हणाला.

"धरणावर आज सुट्टी हाय, आप्पा," मथुराबाई म्हणाली.

गुलाबला पाण्याचा आवाज ऐकू आला. चिरेच्या तळातून मनगटाएवढी धार फुटली होती आणि त्याचे बूट भिजत होते. त्यानं पूर्वेच्या भिंतीकडं पाहिलं. चुन्याची रेघ तुटली होती. दक्षिणेकडचा तुकडा उत्तरेकडच्या तुकड्यापेक्षा एका ज्वारीच्या दाण्याएवढा वर गेला होता. दाण्याएवढाच. पण तो दाणा म्हणजे काय, हे त्या विहिरीत त्याला एकट्यालाच कळत होतं.

पिराजीला सोलापूरला नेलं. पाय वाचला नाही. चौथ्या दिवशी गुलाब भेटायला गेला तेव्हा तो खाटेवर उशीला टेकून बसला होता.

"खरं सांग मला," पिराजी म्हणाला. "गावातली माणसं येऊन म्हणत्यात, अमावस्येला उतरलो म्हणून झालं. आपण ते मानत न्हाय. पण पाय माझा गेलाय. मला कारण पायजे."

गुलाब स्टुलावर बसला. "मामा, आपला सगळा देश म्हंजे दगडाची एक जाड फळी समजा. लई लई जुन्या काळी ती दक्षिणेला समुद्रात होती. सरकत सरकत उत्तरेला गेली अन् तिकडच्या मोठ्या भूमीला धडकली. त्या धडकेत जमीन चुरगळून वर आली, तो हिमालय."

"हिमालय कुठं अन् आपली विहीर कुठं."

"लांबच हाय. पण ती धडक अजून संपलेली न्हाय. आपली फळी दर वर्षाला दोन बोटं अजून तिकडं सरकती. म्होरं वाट न्हाय, अन् मागनं रेटा चालूच हाय. तो रेटा सगळ्या देशातनं जातो. आपल्या पायाखालनंबी."

विहिरी खोदायच्या आधी पिराजी पाच हंगाम कारखान्याला ऊस वाहत होता.

"कारखान्याच्या गेटाम्होरं गाड्या अडल्यावानी," तो हळूच म्हणाला. "म्होरची गाडी अडती. मागची बैलं रेटत्यात. मंग कंच्या तरी गाडीचं जू मोडतं. म्होरचीचंच मोडंल असं न्हाय. जिचं जू आदी मोडून सांधल्यालं असतंय, तिचं मोडतं. मधलीच एखांदी गाडी."

गुलाबनं स्टूल जवळ ओढलं.

"म्हंजे आपल्या भुईला आदीच सांधा हाय," पिराजी म्हणाला. "व्हय का न्हाय?"

हा प्रश्न गुलाबनं स्वतःला विचारलाच नव्हता. रेटा सगळीकडं होता, मग मोडलं इथंच का? परतीच्या एसटीत तो खिडकीला डोकं टेकून बसला होता. पाय गमावलेल्या माणसानं आपल्याला काय दिलं, हे तो पुन्हा पुन्हा आठवत होता.

पुढच्या आठवड्यात हिरेमठ साहेब आले. गुलाबचे वरिष्ठ, निवृत्तीला सहा महिने उरलेले, मूळचे सीमेपलीकडचे. जीपमधून उतरताना ते म्हणाले, "गुलाब, तुझं पत्र वाचलं. विहिरी ढासळतात. प्रत्येक वेळी हिमालय कशाला आणायचा?"

विहिरीत आता चार फूट पाणी होतं. पण पूर्वेच्या अंगाची चीर आणि रेघ पाण्याच्या वर होती. हिरेमठ साहेब बादलीतून तिथवर उतरले. चष्मा काढून त्यांनी डोळे दगडाला लावले. रेघांवरून बोट फिरवलं, एकदा खालून वर, एकदा वरून खाली. तुटलेल्या चुन्याशी ते थांबले. वर आले तेव्हा त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता.

"तीस वर्षं मी एक वाक्य लिहितोय," ते म्हणाले. "'हा प्रदेश स्थिर आहे.' प्रत्येक अहवालात पहिल्या पानावर. मी ते माझ्या साहेबांच्या अहवालातून उतरवलं होतं. बघून नव्हतं लिहिलं."

गुलाबनं त्यांना पिराजीचा प्रश्न सांगितला. साहेब विहिरीच्या काठावर बसले.

"सांधा आहे की. आमच्या गावाकडं हा काळा दगड संपतो आणि खालचा जुना दगड उघडा पडतो. पिळलेला, दुमडलेला, उभा झालेला. हाडं असलेलं जनावर पृथ्वीवर नव्हतं तेव्हा भूमीचे मोठमोठे तुकडे एकमेकांना धडकले आणि जोडले गेले, त्याच्या त्या खुणा. तेव्हा तिथं डोंगर असतील. ते झिजून सपाट झाले. मग इथं त्यावर लाव्हाची चादर पसरली. ते जुने सांधे ह्या चादरीखालीही असणारच. आपण चादर बघत राहिलो आणि म्हणालो, खाली सगळं ठीक आहे." ते थांबले. "मला दोन्ही गोष्टी माहीत होत्या, गुलाब. सांधा माहीत होता, रेटा माहीत होता. मी त्या कधी शेजारी ठेवल्या नाहीत."

"पुन्हा होईल का, सर?"

"होईल. कधी ते विचारू नकोस. उद्या, दहा वर्षांनी, हजार वर्षांनी. ही चीर असेल, नाहीतर हिची दुसरी बहीण, आपण कधी न पाहिलेली."

रविवारी शाळेच्या व्हरांड्यात सभा भरली. लोकांच्या तोंडावर पाण्याचा आनंद होता. मळ्यांना पाणी सुटलं होतं. पिराजीचं वाईट वाटत होतं, पण पाणी लागलं होतं. वीरप्पा नावाचा सभासद उठला आणि म्हणाला, "ह्याच्या म्होरं अमावस्येला कुणी विहिरीत उतरू नये. अन् जे उतरले त्यांनी शांती घालावी. त्यांच्यापायी गावावर आलं हे."

गल्लीतली माणसं खाली मान घालून बसली. गुलाब उठायच्या आत मथुराबाई उभी राहिली. कपाळाला अजून पट्टी होती.

"वीरप्पा, आमी चुना वढायच्या आदीच दगड सहा फूट वर सरकला हुता. तवा कोण उतरलं हुतं हिरीत? तवा अमावस्या मोजाया माणूस तरी हुता का?"

वीरप्पा खाली बसला. शिवलिंगप्पानं गुलाबकडं पाहिलं. "साहेब, तुमी सांगा."

गुलाबनं सांगितलं. फळी, धडक, गेटासमोरच्या गाड्या, जुनं सांधलेलं जू. शेवटी तो म्हणाला, "जानेवारीत मी इथंच उभा राहून जमीन पक्की म्हणालो होतो. ते चुकलं. मला माहीत नव्हतं अन् मी माहीत असल्यासारखं बोललो."

पाटातून पाणी वाहत असल्याचा आवाज लांबून येत होता. ज्या चिरेतून ते येत होतं, तीच चीर. हे एकेकाच्या ध्यानात येत गेलं तसे चेहरे बदलत गेले.

"परत कधी?" शिवलिंगप्पानं विचारलं.

"सांगता येत न्हाय, आप्पा. पण हिसका मोठा बसला तर जमीन माणूस मारत न्हाय. घर मारतं. आपल्या भिंती गोट्यांच्या, मधी नुसती माती, अन् डोक्यावर दीड-दोन हात मातीचं माळवद. ते हलकं करावं लागंल."

मागच्या रांगेत कुणीतरी हसलं. मे महिन्यात माळवद काढून राहायचं कुठं, पत्र्याखाली? हजार वर्षांनी येणाऱ्या हिसक्यासाठी? दहा मिनिटांत सभा पाणीवाटपाच्या पाळ्यांवर गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गुलाब उठला तेव्हा डोक्यावर धप धप आवाज येत होता. बाहेर येऊन पाहतो तर मथुराबाई घराच्या माळवदावर उभी राहून फावड्यानं माती खाली लोटत होती. हे घर तिनं आणि त्याच्या वडलांनी मिळून बांधलं होतं. वडील गेले त्या वर्षी तिनं एकटीनं त्यावर नवी माती चढवली होती.

"माय, खाली ये. हे काय करतीस?"

"तू काल सांगितलंस."

"मी सगळ्यांना सांगितलं."

"मंग म्या त्यात न्हाय का?"

गुलाब अंगणात तसाच उभा राहिला. आपण म्हणालो ते कुणी खरं धरेल, हे त्याला खरंच वाटलं नव्हतं. आपण चुकलो असलो तर ही बाई अख्खं आयुष्य पत्र्याखाली भाजत काढणार. आणि चुकलो नसलो तर बाकीचं गाव... त्याला पुढचा विचार करवेना. त्यानं सदऱ्याच्या बाह्या वर सारल्या आणि शिडी चढला.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी शिवलिंगप्पा आला. त्या गल्लीत तो आजवर कधी आला नव्हता. अंगणात पडलेल्या मातीच्या ढिगाभोवती त्यानं एक फेरी मारली.

"किती वजन असंल ह्याचं?"

"बारा-तेरा टन," गुलाब म्हणाला. "एका ट्रकात मावायची न्हाय."

"एवढ्याशा खोलीवर?"

"व्हय."

शिवलिंगप्पा मथुराबाईच्या ओट्यावर बसला. त्याचं माळवद ह्याच्या चौपट होतं, आणि त्याखाली अकरा माणसं झोपत होती. त्यानं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मथुराबाईनं आतून पाण्याचा तांब्या आणून समोर ठेवला. तो बराच वेळ त्याकडं बघत राहिला, मग उचलून प्याला.

त्या दिवसापासून त्यानं आपली खाट अंगणात टाकली. माळवद मात्र उतरवलं नाही. भाऊबंद ऐकत नाहीत, असं तो सांगत असे. हिरेमठ साहेबांनी अहवाल लिहून वर पाठवला आणि आपलं जुनं वाक्य त्यात स्वतःच्या हातानं खोडलं. पावसाळ्याच्या तोंडापर्यंत गावातल्या दोनशेचाळीस घरांपैकी पाच घरांची माळवदं उतरली. पाचही मथुराबाईच्या गल्लीतली.